नंबर कुणाचा लागतो? मुंबईत घडणारी डिस्टोपियन किशोर कादंबरी रचताना

‘नंबर लागला का?’ हा मुंबईतला रोजचा प्रश्न आहे. केस पेपरच्या खिडकीपाशी, सोनोग्राफीच्या रांगेत, म्हाडाच्या लॉटरीत, अकरावीच्या प्रवेशयादीत, सगळीकडे तो ऐकू येतो. एआय, मरण आणि सत्ता यांची डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या भविष्यातल्या जगाची, कादंबरी किशोरांसाठी मराठीत लिहायची असेल तर सुरुवात याच प्रश्नापासून करा. या शहरात माणसाला मारायला यंत्रमानव लागत नाही, यादीत नाव चार ओळी खाली सरकलं तरी पुरतं. नाव खाली कुणी सरकवलं, या प्रश्नाला ‘यंत्राने’ एवढंच उत्तर देणारी कादंबरी अर्धीच लिहून झालेली असते. यादीची रेघ आखणारा, तिच्याखाली सही करणारा आणि ती सही बघून गप्प बसणारा अशी तीन माणसं तुम्हाला नावानिशी माहीत झाल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नका.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण धरू. भांडुपच्या टेकडीवर राहणारी १५ वर्षांची मुक्ता, तिची ७२ वर्षांची आजी, आणि आयसीयूतली खाट कुणाला द्यायची हे ठरवणारी पालिकेची प्रणाली. प्रणालीचं नाव ‘सोबती’. ‘चित्रगुप्त’ किंवा ‘यम’ हे नाव सगळ्यांनाच आधी सुचतं, म्हणूनच ते टाळा. कुठलंही सरकार भीतीचं नाव देत नाही. ते मायेचं नाव देतं, आणि त्या नावाचा काटा वाचकाला पन्नास पानांनंतर टोचू लागतो.

काळ निवडताना शंभर-दोनशे वर्षं पुढे पळू नका. २०६० पुरेसं आहे, आणि त्याला कारण आहे. आज १५ वर्षांचा असलेला वाचक २०६० मध्ये पन्नाशीला टेकलेला असेल. म्हणजे सोबतीच्या फायलीवर सही करणारा अधिकारी हा आजचा वाचकच आहे. त्या अधिकाऱ्याला एकदाच, ओझरतं, आपल्या शाळेची आठवण येऊ द्या: ऑनलाइन वर्गात गोठलेला बाईंचा चेहरा, दप्तरात फुटलेली सॅनिटायझरची बाटली. वाचक चपापतो. मोठ्यांनी जग बिघडवलं असं सांगणाऱ्या कादंबऱ्या भरपूर आहेत. ‘हा मीच असू शकतो’ ही जाणीव किशोर वाचकाला क्वचितच कुणी देतं.

आधी चिठ्ठी, मग सोबती

जुलमी व्यवस्था जुलूम म्हणून येत नाही, ती एखाद्या खऱ्या दुखण्यावरचा इलाज म्हणून येते. ते दुखणं कादंबरीत आधी दिसलं पाहिजे. मुंबईत ते सहज सापडतं, त्याला ‘ओळख’ म्हणतात. खाट हवी तर ओळख हवी, नगरसेवकाची चिठ्ठी हवी, नाहीतर वॉर्डबॉयच्या ओळखीचा कुणीतरी हवा. ओळख नसलेला माणूस व्हरांड्यात गादी टाकून थांबतो. सोबतीने ही चिठ्ठी बंद केली म्हणून लोकांनी तिचं मनापासून स्वागत केलं, हे दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट करा. मुक्ताच्या आईनेच सोबतीच्या बाजूने सह्या गोळा केल्या असतील तर फारच चांगलं.

याला शहराच्या इतिहासाचा आधार आहे. जून २०२० मध्ये पालिकेने आपल्या २४ विभागांत वॉर्ड वॉर रूम उघडल्या आणि कोविडच्या खाटा तिथून दिल्या जाऊ लागल्या. ती यंत्रणा माणसं वाचवायला उभी राहिली होती. तुमची कादंबरी विचारते की अशीच यंत्रणा चाळीस वर्षं चालू राहिली आणि तिच्यातली माणसं एकेक करून कमी झाली, तर काय होईल? त्याआधीचं टोकही वाचून ठेवा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सापडला. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची समजूत झाली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, घराघरांत शिरून तपासण्या झाल्या, आजाऱ्यांना घरच्यांपासून तोडून नेलं गेलं. तोच १८९७ चा कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. जुना कायदा नव्या हातात काय करतो हे दाखवायला कल्पनाशक्ती फार ताणावी लागत नाही.

मधल्या भागातला पेच इथूनच तयार होतो. मुक्ताला कुणीतरी सांगतं, ‘जुनी चिठ्ठी अजून चालते, फक्त महाग झालीय.’ ती चिठ्ठी घेतली तर आजीला खाट मिळते, पण यादीत खरोखर पुढे असलेला, घाटकोपरचा कुणी रिक्षावाला मागे जातो. त्या रिक्षावाल्याला नाव द्या आणि त्याच्या मुलीला मुक्ताच्या शेजारच्या बाकड्यावर बसवा. हा प्रसंग लिहिताना घाई करू नका. सत्ता म्हणजे काय हे मुलांना सगळ्यात जास्त इथेच कळतं.

यंत्राचं एक पान

लिहायच्या आधी सोबती कशी चालते हे एका पानावर उतरवा. ते पान कादंबरीत येणार नाही, पण ते नसेल तर तुमचं यंत्र गरजेप्रमाणे कधी सर्वज्ञ आणि कधी मठ्ठ होईल, आणि चौदा वर्षांचा वाचक ते लगेच पकडेल.

पहिली गोष्ट, यंत्र ‘उद्या मरेल’ असं सांगत नाही. ते शून्य ते एकच्या मधला आकडा देतं: आयसीयूत ठेवलं तरी ९० दिवसांत मृत्यूची शक्यता ०.५७. त्या आकड्यावर कुणीतरी रेघ मारतं. तंत्रज्ञ तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आपल्याकडे उंबरठा हा नेमका शब्द आहे, तोच वापरा. उंबरठा ०.६० असेल तर आजी आत. एका रात्रीत खाटा ४० वरून ३० झाल्या, म्हणून कुणीतरी उंबरठा ०.५२ वर आणला तर तीच आजी बाहेर. तब्येत तीच, आकडा तोच. कादंबरीचं नाट्य या फरकात आहे, आणि तो फरक माणसाने केला आहे.

दुसरी गोष्ट, ‘९० टक्के अचूक’ या जाहिरातीचं गणित स्वतः करून बघा. समजा १०,००० रुग्ण आहेत आणि त्यातले २०० खरंच दगावणार आहेत. यंत्र दगावणाऱ्यांपैकी ९० टक्के ओळखतं, म्हणजे १८०. उरलेल्या ९,८०० पैकी १० टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारतं, म्हणजे ९८०. शिक्का बसलेले एकूण १,१६०, आणि त्यातले खरे फक्त १८०. दर शंभर ‘निरुपयोगी’ ठरलेल्यांतले सुमारे ८४ जगले असते. तरीही जाहिरात खोटी नाही, कारण १०,००० पैकी ९,००० जणांबाबत यंत्र बरोबरच होतं. मुक्ताला हे गणित वहीच्या मागच्या पानावर करू द्या. दहावीच्या मुलीला ते जमतं, वाचकालाही जमतं, आणि स्वतः सोडवलेलं गणित कुठल्याही भाषणापेक्षा खोल जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे रिकामा रकाना. आजीने आयुष्यभर चार घरची धुणीभांडी केली. खाडा केला की पैसे कापले जात, म्हणून ती डॉक्टरकडे गेलीच नाही. तिची नोंद रिकामी आहे. अशा ठिकाणी प्रणाली बहुतेकदा आसपासच्यांची सरासरी भरते, म्हणजे इथे टेकडीवरच्या वस्तीची, जिथे पावसाळ्यात दरड येते आणि नळाला पाणी ठरल्या वेळीच येतं. खाली भांडुप संकुलात मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग शुद्ध होतो, आणि वर ही अवस्था. आजीच्या ०.५७ मध्ये शेजाऱ्यांची मरणं मिसळलेली आहेत. हे नुसतं कल्पनेतलं नाही. अमेरिकेत कुठल्या रुग्णांना जादा देखभाल द्यावी हे ठरवणाऱ्या एका प्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ती आजारपणाऐवजी आजवर झालेला उपचारखर्च मोजत होती. कृष्णवर्णीयांवर कमी खर्च झालेला होता, म्हणून ते आहेत त्यापेक्षा कमी आजारी दिसत होते. कुणीही जात-वंश विचारला नव्हता, तरी भेदभाव आत शिरला.

चौथी गोष्ट सगळ्यात भयानक आहे, ती शेवटच्या तिसऱ्या भागासाठी राखून ठेवा. सोबती ज्यांना खाट नाकारते ते मरतात. ती मरणं पुन्हा तिच्याच शिक्षणात जातात. तिला वाटतं, आपण बरोबर होतो. दरवर्षी तिची अचूकता वाढत जाते आणि पालिका त्याचा सत्कार करते.

मरणाची नोंद कशी होते तेही या पानावर लिहा. भारतात १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू २१ दिवसांत कळवायचा असतो. रुग्णालयातल्या मृत्यूचं कारण नमुना ४ वर लिहिलं जातं, आणि त्या नमुन्यावरच सूचना असते की मरणाची रीत नको, कारण लिहा. ‘हृदय बंद पडलं’ ही रीत झाली, प्रत्येकाचंच हृदय बंद पडतं. तुमच्या कादंबरीतल्या एखाद्या तरुण डॉक्टरने त्या रकान्यात ‘खाट मिळाली नाही’ असं लिहिलं तर काय होईल? या एका ओळीवर अख्खं प्रकरण उभं राहतं.

सही

सोबतीच्या करारात ‘अंतिम निर्णय डॉक्टरचाच राहील’ असं कलम ठेवा. खऱ्या जगातही अशी कलमं असतात. मग ते कलम पोकळ कसं होतं ते दाखवा. यंत्राशी सहमत व्हायला एक बटण आहे. असहमत व्हायला तीन पानी फॉर्म, वरिष्ठाचा फोन आणि महिनाअखेरच्या अहवालात आपल्या नावापुढे एक लाल आकडा. एका रुग्णाला डॉक्टरकडे ४० सेकंद आहेत. डॉक्टर वाईट नाही. तो थकला आहे.

खलनायकाचं दोन पानी भाषण या प्रकारच्या लेखनातला सर्वांत सामान्य दोष आहे. ‘मानवा, तुझा अंत जवळ आला आहे,’ असं लाल डोळे रोखून यंत्र म्हणालं की भीती संपली. तोच प्रसंग खिडकीपाशी आणून बघा:

खिडकीतल्या बाईंनी स्क्रीन मुक्ताकडे वळवला. हिरवी पट्टी, तिच्याखाली बारीक अक्षरं: सोबती आपल्या कुटुंबाच्या सोबत आहे.

‘मॅडम, काल तुम्हीच म्हणालात ना, नंबर लागला म्हणून?’

‘काल लागला होता गं. रात्री बारानंतर लिस्ट बदलते.’

‘म्हणजे आजीचं वाढलंय का?’

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. ‘आकडा तोच आहे बाळा. लाइन खाली आलीय.’

‘कुणी आणली?’

‘ते वरून येतं.’

मागच्या माणसाने आपला कागद आधीच पुढे सरकवला होता.

इथे कुणी ओरडत नाही. बाई ‘बाळा’ म्हणतात, आणि त्या मायेनेच नकार जास्त लागतो. ‘ते वरून येतं’ हे वाक्य मुंबईतल्या प्रत्येक खिडकीवर ऐकलेलं असतं, म्हणून स्पष्टीकरण लागत नाही. आणि मागच्या माणसाचा कागद विसरू नका, रांग थांबत नाही हे तोच सांगतो.

मुलांनी लढायचं कसं

सर्व्हरला आग लावण्याचा शेवट सोडून द्या. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर आहेत हे खरं, पण अशा प्रणालीच्या प्रती एकाहून जास्त ठिकाणी असतात. एक इमारत जळली तर सोबती काही मिनिटांत दुसरीकडून चालू होईल, आणि वाचकालाही ते माहीत आहे.

त्याऐवजी माहितीचा अधिकार कायदा, २००५ हातात घ्या. एरवी उत्तराची मुदत ३० दिवस. पण माहिती कुणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत द्यावी लागते. अर्जदार नागरिक असणं पुरतं, कायद्यात वयाची अट नाही. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. म्हणजे १५ वर्षांची मुलगी जन माहिती अधिकाऱ्याला विचारू शकते: १४ तारखेच्या रात्री उंबरठा कुणाच्या आदेशाने बदलला? कायदा २०६० मध्येही तसाच उरला आहे हे मात्र पहिल्या पन्नास पानांत पेरून ठेवा, नाहीतर तो आयत्या वेळी आकाशातून पडल्यासारखा वाटेल.

कथानकाला घड्याळ मिळालं: ४८ तास. उत्तर येतं, वेळेत येतं, आणि त्यात लिहिलेलं असतं की कलम ८(१)(d) प्रमाणे ही कंपनीची व्यापारी गुपितं आहेत, देता येणार नाहीत. पहिल्या अपिलाच्या निकालाला ३० दिवस, कारण नोंदवून ४५. आजीकडे तेवढे दिवस नाहीत. पण त्याच कलमात एक फट आहे: व्यापक लोकहित असेल तर गुपितही उघड करता येतं. लोकहित आहे हे ठरवणारा अधिकारी कोण? तोच, पन्नाशीला टेकलेला, ज्याच्या दप्तरात कधीकाळी सॅनिटायझरची बाटली फुटली होती. दोन धागे इथे जुळतात. त्याने काय करावं हे आधीच ठरवून ठेवू नका, त्याचं प्रकरण दोन्ही बाजूंनी लिहून बघा.

मरण

डिस्टोपियात मरणं स्वस्त होतात. पहिल्याच प्रकरणात चारशे माणसं गेली की पाचशेव्याचं काही वाटत नाही. नावानिशी तीनच मरणं ठेवा आणि प्रत्येकाला मागे उरलेल्या वस्तू द्या: ग्लासातली कवळी, रेशनकार्डावरून कमी करायचं नाव, अर्धी राहिलेली गोळ्यांची पट्टी. आजारी शरीराचं काम दाखवा. कूस बदलायला दोन माणसं लागतात, चादर ओढताना रुग्ण कण्हतो, तोंड ओल्या कापसाने पुसावं लागतं. आकड्याला एवढंच उत्तर आहे, आणि ते पुरेसं आहे.

शरीर आणि सत्ता यांचा एक प्रसंग या शहराने जवळून पाहिला आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, आणि मे २०१५ मध्ये त्या गेल्या. मधली सगळी वर्षं त्या भान हरपलेल्या अवस्थेत होत्या, आणि त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली, आणि त्याच निकालात कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, वाटही उघडली. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल, म्हणजे पुढे आपले उपचार थांबवावेत असं आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, मान्य केलं. हा हक्क माणसाचा स्वतःचा आहे. तुमच्या कादंबरीतली सत्ता हीच भाषा उचलेल आणि खाट नाकारण्याला ‘सन्मान योजना’ म्हणेल. निवड आणि लादणं यातला फरक मुलांना कळावा म्हणून एक पात्र असं ठेवा, ज्याने खरंच विचारपूर्वक उपचार थांबवायला सांगितले आहेत. ते पात्र आदराने लिहा.

आता मेलेल्यांचे बॉट. २०६० मध्ये आजीच्या व्हॉइस नोट्सवरून तिचा आवाज चालू ठेवणारी सेवा असणारच. बॉट मागच्या बोलण्यावरून पुढचं संभाव्य बोलणं जुळवतो, म्हणून तो नेहमीचंच बोलेल: ‘जेवलीस का गं? डाळ लागली का खाली?’ आजीचं गप्प बसणं त्यात नाही, कारण गप्प बसणं कुणी रेकॉर्ड करत नाही. महिन्याचे पैसे कोण भरतं, आणि भरले नाहीत तर आजी दुसऱ्यांदा मरते का, हे ठरवा. श्रीमंतांचे बॉट सोसायटीच्या बैठकीत मत देऊ लागले तर मरण हीदेखील गरिबांनाच लागू असलेली गोष्ट होते.

दहाव्याचा प्रसंग वाळकेश्वरला बाणगंगेवर घ्या. पिंड ठेवलेत, कावळा शिवत नाही. मामा मोठ्याने वचनं देऊ लागतात: मुक्ताचं शिक्षण थांबणार नाही, घर विकणार नाही. मुक्ताच्या खिशातला बॉट ते ऐकतो आणि आजीच्या आवाजात म्हणतो, ‘बरं बाई, बरं.’ सगळे तिच्याकडे वळून बघतात. यापुढे एक शब्दही समजावून सांगू नका. पात्रं बौद्ध असतील तर जलदान विधी, ख्रिस्ती असतील तर शिवडीचं कब्रस्तान. विधी त्या घरचाच हवा, आणि तो त्या घरातल्या माणसाकडून वाचून घ्या.

आदर्श हवा असेल तर नचिकेता आहे. बापाने रागाच्या भरात यमाला देऊन टाकलेला मुलगा तीन रात्री यमाच्या दारात उपाशी बसतो, आणि धन, राज्य, दीर्घायुष्य नाकारून एकच प्रश्न लावून धरतो. तो लढत नाही, पण हलतही नाही. मुक्ताच्या हट्टाचा पोत तिथून घ्या, नाव मात्र घेऊ नका.

एक खबरदारी. नायिकेने स्वतःचा जीव देऊन सगळ्यांना वाचवणं हा शेवट किशोरांसाठी लिहू नका, आणि आत्महत्येची पद्धत कुठेही वर्णन करू नका. पुस्तकाच्या मागच्या पानावर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा.

बाकी मोजमाप थोडक्यात. एकूण ४५ ते ५५ हजार शब्द, प्रकरण दोन-अडीच हजारांचं. सरकारी पत्रं खऱ्या सरकारी मराठीत, ‘उपरोक्त विषयान्वये’ वगैरे, पण एका वेळी पाच ओळींपेक्षा जास्त नकोत. मुलांच्या बोलण्यात हिंदी-इंग्रजी येऊ द्या. मुंबईतली मुलं तशीच बोलतात. प्रेमकथा असेल तर तिने यादीवर काहीतरी परिणाम केला पाहिजे, नाहीतर काढून टाका.

पहिला खर्डा झाला की १४ ते १७ वयाच्या तिघांना द्या. आवडलं का, असं विचारू नका, ते तोंडदेखलं हो म्हणतील. एकच प्रश्न विचारा: आजीला कुणी मारलं? तिघांनी ‘एआयने’ म्हटलं तर सहीचं प्रकरण काढा आणि ते ४० सेकंद तीन पानांवर लिहा. तिघांनी एकाच माणसाचं नाव घेतलं तरी काम उरलंय. त्या माणसाला घरी सोडायला जा, त्याच्या आईला औषध देताना दाखवा. तिघे आपापसांत भांडू लागले तर खर्डा प्रकाशकाकडे पाठवा.